हिरवी बादली केशरी झाली: पॉवरपॉइंटमधले आयकॉन आणि त्यांचे रंग

गणपती बसायला आठ दिवस होते. आमच्या रहवासी संघाने ठरवलं होतं की यंदा आरतीनंतर पंधरा मिनिटं पडद्यावर कचरा वेगळा करण्याची माहिती दाखवायची. इंदूरकरांना हे काय नव्याने सांगायचं, असं बाहेरच्यांना वाटेल. २०१७ ते २०२३ सलग सात स्वच्छ सर्वेक्षणांत आपलं शहर पहिलं, शेवटच्या वेळी सुरतेबरोबर विभागून. पण भाडेकरू बदलतात, शिकायला आलेली मुलं नवी असतात, आणि ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, ई-कचरा अशा सहा खणांपैकी कशात काय टाकायचं हे त्यांना सकाळी गाडीपाशीच विचारावं लागतं.

स्लाइड्स मी केल्या. ओल्या कचऱ्याची बादली हिरवी, सुक्याची निळी. संघाच्या सचिव काकूंनी त्या उचलून मंडळाच्या केशरी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे तयार साच्यात, चिकटवल्या. संध्याकाळी प्रोजेक्टर लागला तर ओल्याची बादली केशरी आणि सुक्याची तपकिरी. मागच्या खुर्चीवरून एक आजोबा म्हणाले, "ही कुठल्या गावची गाडी आली?"

काकू बिचाऱ्या ओशाळल्या. खरं तर चूक माझी होती. हिरवा कुठून उचलायचा हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं. त्यानंतर काकूंना आणि त्यांच्या दोन मैत्रिणींना मी हे सगळं पहिल्यापासून शिकवलं, त्याच क्रमाने इथे लिहिते. पॉवरपॉइंटची मेन्यूतली नावं देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती तुम्हाला इंग्रजीत दिसतील.

आधी काय आहे ते ओळखा

आयकॉन म्हणून आपण जे वापरतो ते दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे चित्र: पीएनजी किंवा जेपीजी, ठिपक्याठिपक्यांचं. ते मोठं केलं की कडा फाटतात, आणि त्यातली एकटी झाकणाची पट्टी लाल करा म्हटलं तर होत नाही. दुसरा प्रकार एसव्हीजी. यात ठिपके नसतात, रेषा कुठून कुठे जाते आणि आत कोणता रंग भरायचा याच्या सूचना असतात. वेबवरच्या आकृत्यांसाठी हे मानक २००१ साली ठरलं. सूचनाच असल्यामुळे चिन्ह भिंतीएवढं करा की नखाएवढं, कड स्वच्छ राहते, आणि रंग बदलणं म्हणजे फक्त सूचना बदलणं.

हाती आलेलं चिन्ह यातलं कोणतं, हे ओळखायला त्यावर एकदा क्लिक करा आणि वरच्या पट्टीत कोणता टॅब उगवतो ते पाहा. ग्राफिक्स फॉरमॅट आला तर एसव्हीजी. पिक्चर फॉरमॅट आला तर चित्र. शेप फॉरमॅट आला तर तो पॉवरपॉइंटचा स्वतःचा आकार, म्हणजे सर्वांत उत्तम. एवढी एक सवय लागली की निम्मी चिडचिड वाचते.

नेटवरून फुकटचं चिन्ह उतरवताना एक फजिती होते, माझीही झाली आहे. पार्श्वभूमी पारदर्शक आहे असं दाखवणारे करडे-पांढरे चौकोन दिसले, मी खूश होऊन ते उतरवलं, आणि स्लाइडवर ठेवल्यावर कळलं की ते चौकोन चित्रातच रंगवलेले आहेत. बुद्धिबळाच्या पटावर ठेवलेली बादली. तेव्हापासून मी पॉवरपॉइंटच्या आतला संग्रहच आधी बघते.

चिन्ह आणणं

इन्सर्ट टॅबमध्ये आयकॉन्स असं बटण आहे. पॉवरपॉइंट २०१९ मध्ये आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ते मिळेल, २०१३ मध्ये नाही. संग्रह नेटवरून उघडतो, त्यामुळे इंटरनेट चालू हवं. शोधायला इंग्रजी शब्द टाका, आणि एकाने भागलं नाही तर भाऊबंद शब्द टाका: गार्बेज, ट्रॅश, रिसायकल, लीफ, बॉटल, बॅटरी. हव्या त्या सगळ्यांवर एकामागून एक टिक करून एकदाच इन्सर्ट दाबता येतं.

बऱ्याच चिन्हांची दोन रूपं असतात, एक भरीव आणि एक नुसत्या रेषांचं. कोणतं घ्यायचं ते आताच ठरवा आणि मग सगळ्या स्लाइड्सवर तेच ठेवा. पहिली बादली भरीव, दुसरी रेषांची असली की बघणाऱ्याला वाटतं यात काहीतरी अर्थ आहे, आणि तो शोधत बसतो. पडद्यावर दाखवायचं असेल तर माझं मत भरीवाच्या बाजूने. मांडवातल्या प्रोजेक्टरवर बारीक रेषा झालरीच्या दिव्यांत विरघळून जातात.

रंग भरणं, आणि तो कुठे राहतो

चिन्ह काळं येतं. त्यावर क्लिक करा, ग्राफिक्स फॉरमॅटमध्ये जा, ग्राफिक्स फिल उघडा, रंग निवडा. झालं. रंगवणं एवढंच आहे. पण ती जी रंगांची पेटी उघडते तिच्यात तीन मजले आहेत, आणि आमची बादली केशरी झाली ती इथेच.

वरचा मजला थीम कलर्सचा. इथल्या खान्यावर क्लिक केलं की पॉवरपॉइंट "हिरवा" असं लक्षात ठेवत नाही. "सहाव्या खान्यातला रंग" असं ठेवतं. तुमच्या फाइलमध्ये सहाव्या खान्यात हिरवा असेल तोवर बादली हिरवी. तीच स्लाइड दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये चिकटवली आणि तिथे सहाव्या खान्यात केशरी असला, तर बादली गुमान केशरी होते. खालच्या मजल्यावर स्टँडर्ड कलर्स, दहा ठराविक रंग. आणि त्याखाली मोअर फिल कलर्स, जिथे तुम्ही आकडे घालून रंग सांगता. या खालच्या दोन मजल्यांवरून घेतलेला रंग पक्का. टेम्प्लेट बदला, फाइल बदला, तो हलत नाही.

मग नेहमी पक्काच रंग वापरावा का? मुळीच नाही. शीर्षकाशेजारचा माइक, तारखेजवळचं कॅलेंडर, फोन नंबरापुढचा फोन, ही सजावट आहे. ती टेम्प्लेटच्या रंगाबरोबर बदलली तर बरंच, उद्या कोणी निळं टेम्प्लेट लावलं तर तुम्हाला चाळीस चिन्हं हाताने रंगवावी लागणार नाहीत. पण ओल्या कचऱ्याचा हिरवा हा काही माझ्या आवडीचा रंग नाही, तो रोज सकाळी दारात येणाऱ्या गाडीचा आणि रस्त्यावरच्या डब्याचा रंग आहे. तो बदलला की माहिती चुकते. म्हणून फाइल उघडली की पहिल्यांदा कागदावर दोन याद्या करायच्या: कोणत्या चिन्हाच्या रंगाला अर्थ आहे, आणि कोणत्याच्या नाही. अर्थ असलेल्यांना आकड्यांचा पक्का रंग, बाकीच्यांना थीमचा.

आकडे कसे घालायचे: मोअर फिल कलर्समध्ये कस्टम या पानावर लाल, हिरवा, निळा असे तीन रकाने आहेत, प्रत्येकात ० ते २५५ पर्यंतचा आकडा बसतो. मी ओल्यासाठी ४६, १२५, ५० घेतला आणि सुक्यासाठी २१, १०१, १९२. दोन्ही पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठसठशीत दिसतात. हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवून ठेवा, किंवा पहिल्या स्लाइडच्या टिपणात टाका. "साधारण तसाच हिरवा" दुसऱ्यांदा कधीच सापडत नाही.

बाकीच्या खणांचे रंग मला पाठ नव्हते. तेव्हा सकाळी गाडी आली तेव्हा मोबाइलने फोटो काढला, स्लाइडवर आणला, आणि फिलच्या यादीतल्या आयड्रॉपरने त्यातून रंग उचलला. आयड्रॉपर घेतला की बाण ड्रॉपरसारखा होतो, फोटोतल्या ज्या जागी क्लिक कराल तो रंग चिन्हाला लागतो. एक काळजी घ्या. उन्हात चमकणाऱ्या भागातून उचलला तर रंग फिकट येतो, सावलीतून उचलला तर मळका. मधल्या, सपाट, धूळ नसलेल्या जागी क्लिक करा. इथल्या गाड्यांवर अशी जागा सहज मिळते, हे आपलं भाग्य.

पूर्ण फाइलचेच थीम रंग बदलायचे असतील तर डिझाइन टॅब, तिथे व्हेरियंट्सच्या कोपऱ्यातला छोटा बाण, मग कलर्स, मग तळाशी कस्टमाइझ कलर्स. इथे बारा खाने मिळतात: अक्षरं आणि पार्श्वभूमीचे चार, सहा अ‍ॅक्सेंट, आणि लिंकचे दोन. नाव देऊन जतन केलं की तो संच त्या संगणकावर पुढच्या फाइलींनाही मिळतो.

चिन्ह सोडवणं

आता काकूंचा प्रश्न. "अगं, बादली हिरवी झाली, पण मला झाकण गडद पाहिजे. फिल केलं की सगळंच होतं."

एसव्हीजी चिन्ह पॉवरपॉइंटला एक गठ्ठा वाटतो. गाठ सोडायला ग्राफिक्स फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट टू शेप दाबा. दिसायला काही बदलत नाही, पण वर आता शेप फॉरमॅट टॅब येतो आणि चिन्हाचे सुटे भाग होतात, एका गटात बांधलेले. एक क्लिक केला की गट निवडला जातो, त्याच जागी पुन्हा क्लिक केला की आतला एकटा भाग. झाकण असं निवडा आणि शेप फिलमधून गडद करा. गट कायमचा मोडायचा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि जी. पुन्हा बांधायला कंट्रोल आणि जी. गट मोडण्याची घाई करू नका, नाहीतर बादली हलवताना झाकण मागे राहतं.

कन्व्हर्ट करण्याआधी कंट्रोल आणि डी दाबून एक प्रत बाजूला ठेवा. फाइल बंद केल्यावर हे कन्व्हर्ट मागे घेता येत नाही.

आणि मग असं एखादं चिन्ह भेटतं जे सुटतच नाही. कन्व्हर्ट केलं, तरी आत एकच सलग आकार. बादली, झाकण, त्यावरचे बाण सगळं एका अखंड आकारात कोरलेलं, बाण म्हणजे फक्त भोकं. इथे बरेच जण हात टेकतात. उपाय असा: गट असेल तर आधी तो मोडून घ्या. चिन्हाला पूर्ण झाकेल एवढा चौकोन काढा. आधी चिन्ह निवडा, मग शिफ्ट दाबून चौकोन. चिन्ह चौकोनाखाली दडलं असेल तर चौकोनावर उजवं क्लिक करून सेंड टू बॅक करा. शेप फॉरमॅट टॅबच्या डाव्या बाजूला मर्ज शेप्स आहे, त्यात फ्रॅगमेंट दाबा. जिथे जिथे कड होती तिथे तिथे तुकडे पडतात, आणि भोकांचेही स्वतंत्र तुकडे होतात. बाहेरचा चौकोनाचा तुकडा काढून टाका. आता बाण पांढरे करा, झाकण आणि बादलीमध्ये फट असेल तर झाकण गडद करा, काय हवं ते करा. मोदकाचा साचा उघडल्यासारखं सगळं वेगळं हाती येतं.

संग्रहात नसलेलं चिन्ह

निर्माल्याचं चिन्ह कोण देणार? संग्रहात फुलं आहेत, पण मला आपल्या झेंडूसारखं साधं फूल हवं होतं. ते दोन मिनिटांत होतं. लांबट अंडाकृती काढा. कंट्रोल आणि डी दाबून दोन प्रती करा. तिन्ही निवडून अलाइन सेंटर आणि अलाइन मिडल, म्हणजे ती एकावर एक बसतात. मग दुसरी ६० अंश आणि तिसरी १२० अंश फिरवा, फिरवण्याचा आकडा साइझच्या खिडकीत रोटेशनपुढे टाकता येतो. तीन अंडाकृतींच्या सहा पाकळ्या झाल्या. तिन्ही निवडून मर्ज शेप्समधलं युनियन. मध्ये एक गोल ठेवला की फूल तयार, आणि हे जन्मतःच शेप असल्यामुळे कसलं कन्व्हर्ट नको.

पहिल्या स्लाइडवर राजवाडा हवा, हा काकूंचा हट्ट. यात माझी एक संध्याकाळ गेली, कारण मी शहाणपणा केला. होळकरांचा राजवाडा सात मजल्यांचा, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. तेव्हा मी साती मजले, त्यांच्या खिडक्या, सज्जे असं सगळं काढलं. पडदाभर मोठं असताना छान दिसलं. शीर्षकाशेजारी पाऊण इंचाचं केलं तर काजळाचा डाग. सगळं पुसलं आणि पुन्हा सुरू केलं.

दुसऱ्यांदा असं केलं. मधला उंच चौकोन, दोन्ही अंगांना दोन बुटके चौकोन, तिघांची तळरेघ एक. तिन्हींचं युनियन. दरवाज्यासाठी आकारांच्या यादीत वरची दोनच टोकं गोल असलेला चौकोन मिळतो, त्याची पिवळी घुंडी आत ओढत नेली की वरची बाजू पूर्ण कमान होते. ती मधल्या चौकोनाच्या पायाशी ठेवली. आधी इमारत निवडली, मग कमान, आणि मर्ज शेप्समधलं सबट्रॅक्ट. जे आधी निवडाल ते उरतं आणि नंतरचं त्यातून कापलं जातं. उलटं निवडलंत तर हातात कमान उरते आणि राजवाडा गायब. घाबरू नका, कंट्रोल आणि झेड.

मजल्यांचं काय? सातांऐवजी एकच आडवी फट ठेवली, दगड संपतो आणि लाकूड सुरू होतं तिथे. पातळ आडवा चौकोन तिथे ठेवून तोही सबट्रॅक्ट केला, फट आरपार गेल्यामुळे वरचा भाग खालच्यापासून सुटला. मग शेजारी एक वेगळा चौकोन काढून फ्रॅगमेंट केलं, दोन्ही भाग स्वतंत्र झाले. खालचा करडा, वरचा गडद तपकिरी. चिन्ह एक सेंटिमीटरचं केलं तरी आमच्या समोरच्या आजींनी चष्मा न लावता ओळखलं. मला तेवढी परीक्षा पुरते.

एका घरची दिसली पाहिजेत

सहा चिन्हं सहा ठिकाणांहून आणली की ती सहा शहरांतली पाहुणी वाटतात. त्यांना एका रांगेत आणण्याची माझी युक्ती म्हणजे प्रत्येकाच्या मागे एकाच मापाचा गोल. गोलाला अर्थाचा रंग द्या, चिन्ह आत पांढरं ठेवा. मग चिन्हांची वळणं थोडी वेगळी असली तरी गोल त्यांना सांभाळून घेतो. सगळ्या गोलांची उंची-रुंदी साइझच्या खिडकीत आकडा टाकून एकच करा, अंदाजाने ओढू नका. आतलं चिन्ह मात्र डोळ्याने लहानमोठं करावं लागतं: बाटली उंच असते, बस आडवी असते, दोघींना एकच आकडा दिला तर एक उपाशी आणि एक जाडी दिसते. शेप केलेलं चिन्ह ओढताना शिफ्ट दाबून कोपऱ्याने ओढा, नाहीतर बस चपटी होते. शेवटी सगळे गोल निवडून अ‍ॅरेंज, अलाइन, डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टली.

एका गोलावर सगळं जमलं की तीच सजावट दुसऱ्यांना द्यायला होम टॅबवरचा फॉरमॅट पेंटर. ब्रशवर दोनदा क्लिक केलं की तो हातात राहतो, एकेका आकारावर टिचकी मारत जा. एस्केप दाबला की सुटतो.

सावली, चकाकी, हे सगळं ग्राफिक्स इफेक्ट्समध्ये आहे. मी वापरत नाही. तुम्हाला आवडत असेल तर सगळ्यांना सारखं द्या.

झेरॉक्सची परीक्षा

पडद्यावर हिरवा आणि निळा किती वेगळे दिसतात! पण आमच्या संघात अशी पद्धत की पडद्यावर जे दाखवलं त्याचा कागद नोटीस बोर्डावर लागतो, आणि तो कागद काळा-पांढराच निघतो. माझे वर सांगितलेले हिरवा आणि निळा उजळपणाने जवळजवळ सारखे आहेत. पांढऱ्याशी त्यांचा विरोध (कॉन्ट्रास्ट) मोजला तर हिरव्याचा ५.१ ला १ आणि निळ्याचा ५.७ ला १ येतो. झेरॉक्समधून दोन्ही एकाच करड्या रंगाच्या बादल्या निघतात. लाल-हिरवा ओळखायला अडचण असणाऱ्या माणसांचंही काही खुणांच्या बाबतीत असंच होतं, आणि प्रत्येक कुटुंबात एखादे काका असे असतातच ज्यांनी हे कधी कोणाला सांगितलेलं नसतं.

म्हणून व्ह्यू टॅबमध्ये ग्रेस्केल दाबून एकदा सगळ्या स्लाइड्स पाहा. जी दोन चिन्हं रंग गेल्यावर सारखी दिसतील त्यांचा आकार बदला. आम्ही ओल्यावर पान आणि सुक्यावर खोक्याचं चिन्ह टाकलं, आणि खाली मराठीत नाव लिहिलं. नाव लिहायला लाजू नका. मग पाहून झालं की परत कलरवर या, नाहीतर फाइल तशीच करडी दिसत राहील आणि तुम्ही घाबराल.

रंग कमी-जास्त निवडताना एक आकडा उपयोगी पडतो. अर्थ सांगणाऱ्या चिन्हाचा पार्श्वभूमीशी विरोध किमान ३ ला १ असावा, असं वेबवरच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे, आणि साध्या मापाच्या अक्षरांसाठी ४.५ ला १. पांढऱ्यावर शुद्ध पिवळा जेमतेम १.०७ ला १ भरतो, म्हणजे नसल्यात जमा. पिवळं चिन्ह हवंच असेल तर गडद गोलावर ठेवा.

फाइल दुसऱ्याच्या हाती देताना

मंडळाचा संगणक जुना असतो, हे गृहीत धरा. एसव्हीजी चिन्ह ठेवताना पॉवरपॉइंट त्याची एक पीएनजी प्रतही फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळे जुन्या आवृत्तीत चिन्ह दिसतं, पण तिथे ते चित्र असतं, रंग बदलत नाही. शेप करून ठेवलेलं चिन्ह जुन्या आवृत्तीतही रंगवता येतं. म्हणून ज्या फाइलीवर दुसरं कोणी हात फिरवणार आहे तिच्यातली महत्त्वाची चिन्हं मी शेप करूनच देते. नुसतं दाखवायचं किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर पीडीएफ करा.

दुसऱ्या टेम्प्लेटमध्ये स्लाइड चिकटवताना उजव्या क्लिकवर ज्या खुणा दिसतात त्यांतल्या दोन आपल्या कामाच्या. एक तिथली थीम घेणारी, दुसरी कीप सोर्स फॉरमॅटिंग, म्हणजे मूळ रंग राखणारी. काकूंनी पहिली घेतली होती, कारण मंडळाचा केशरी त्यांना हवा होता. तेही बरोबरच. आता रंग पक्के असल्यामुळे त्या कोणतीही घेऊ शकतात.

आणि शेवटच्या स्लाइडवर तयार चिन्हांची पेटी ठेवा: सहाही गोल, फूल, राजवाडा, सगळे एका जागी. डावीकडच्या पट्टीत त्या स्लाइडवर उजवं क्लिक करून हाइड स्लाइड दाबलं की ती दाखवताना येत नाही, पण पुढच्या वर्षी तिथूनच उचलता येते. आमच्या पेटीत आता बसही आली आहे. देवगुराडियाच्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस होतो आणि त्यावर शहरबसेस धावतात, हे काकूंना स्लाइडवर बाणाने दाखवायचं होतं. बाणाचा रंग हिरवाच ठेवायचा की बसबरोबर बदलायचा, यावर परवा पोहे खाताना अर्धा तास वाद झाला. हिरवाच राहिला.